ठाऊक असतं, तरी जमत नाही

मेडिकलच्या दुकानात गर्दी असली की काही गिऱ्हाईकं उगाच रेंगाळतात. खोकल्याच्या गोळ्या घेतात, पैसे देतात, मग टूथपेस्टचे भाव विचारतात. दुकानदार जाणता असेल तर तो ओळखतो. काउंटर रिकामं होईपर्यंत थांबतो आणि न बोलता एक छोटं पाकीट कागदात गुंडाळून पुढे सरकवतो. गर्दी ओसरलीच नाही, तर गिऱ्हाईक खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी जातं. त्या रात्री पुढे काय होतं, याची नोंद कुठेच होत नाही.

या गिऱ्हाइकाला माहिती कमी होती, असं म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना आणि पाचांतल्या चार पुरुषांना, दर वेळी कंडोम वापरला तर एचआयव्हीचा धोका कमी होतो, हे ठाऊक होतं. त्याच सर्वेक्षणात कुटुंबनियोजनासाठी कंडोम वापरणारी विवाहित जोडपी मात्र दहात जेमतेम एक. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. कोणाला मूल हवं असतं, कोणाची शस्त्रक्रिया झालेली असते, बहुतेकांना संसर्गाचा धोका खरोखरच नसतो. पण ज्यांना तो असतो, त्यांच्यातही कळणं आणि वागणं यांत मोठं अंतर राहतं. आणि ते भिंतीवरचे फलक वाढवून कमी होत नाही.

आरोग्यशिक्षणाचा जुना हिशेब साधा होता. लोकांना कळत नाही म्हणून ते चुकतात, कळलं की सुधारतील. पुण्यात हेल्मेटबद्दल इतकी वर्षं जे चाललं आहे ते पाहिलेल्या माणसाला या हिशेबाबद्दल शंका यायलाच हवी. डोकं फुटतं हे कोणाला माहीत नाही? पण ‘कोपऱ्यावर तर जायचंय’, ‘गावात कोण घालतं’, ‘केस बिघडतात’ ही कारणं त्या माहितीपेक्षा त्या क्षणी जवळची असतात. लैंगिक संबंधांत तर याच्या जोडीला लाज येते, इच्छा येते, समोरचं माणूस दुखावेल ही भीती येते, आणि घरात शब्द कोणाचा चालतो हा प्रश्नही येतो.

आधी इच्छेचं पाहू. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात डॅन एरिएली आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी एक छोटा प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस तरुण विद्यार्थ्यांना त्यांनी काही प्रश्न दोन वेगवेगळ्या अवस्थांत विचारले, एकदा शांत असताना आणि एकदा लैंगिकदृष्ट्या उत्तेजित असताना. कंडोम वापराल का, नव्या जोडीदाराबरोबर सावध राहाल का, असे प्रश्न त्यांत होते. मुलं तीच, प्रश्न तेच. पण दुसऱ्या वेळी सावधगिरीची उत्तरं ठळकपणे घसरली. प्रयोग लहान होता, त्यात फक्त पुरुष होते. शिवाय एरिएली यांचा अप्रामाणिकपणावरचा एक वेगळा शोधनिबंध आकडेवारीतल्या बनावामुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, तेव्हा त्यांचं नाव घेताना जरा जपूनच घ्यावं. तरीही या प्रयोगात जे दिसलं ते अनुभवाला धरून आहे. शांत डोक्याने ‘मी असं कधीच करणार नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्या क्षणीचा स्वतः कसा असेल, याचा त्याला अंदाज नसतो, इतकंच. त्यात दारू असेल तर अंदाज आणखी चुकतो. म्हणूनच ‘वेळ आली की पाहू’ ही सगळ्यात कच्ची योजना ठरते. पाकीट आधीपासून खिशात किंवा उशाजवळ असणं, हा स्वभावाचा भाग नसून सोयीचा आहे, आणि सोयीचा परिणाम उपदेशापेक्षा जास्त होतो.

दुसरी गोष्ट संभाव्यतेची. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषाशी एका वेळच्या असुरक्षित संबंधातून स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत साधारण आठ मानली जाते. जोडीदाराचा संसर्ग अगदी ताजा असेल किंवा दोघांपैकी कोणाला जननेंद्रियावर दुसरा संसर्ग, जखम, फोड असेल, तर ती कितीतरी पटींनी वाढते. पण सरासरी आकडा लहानच आहे, आणि गोची तिथेच होते. बहुतेक वेळा काहीच होत नाही. लोकलचे रूळ ओलांडणाऱ्याला रोज सुखरूप पलीकडे पोहोचून जो धडा मिळतो, तोच इथे मिळतो: मागच्या वेळी काही झालं नाही, म्हणजे यावेळीही होणार नाही. धोका टळला याचा अर्थ धोका नव्हताच असा लावण्याची मनाची खोड आहे. त्यातून ‘ती चांगल्या घरातली वाटते’, ‘तो तब्येतीने धडधाकट आहे’ असले निकष तयार होतात. या आजारांची लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं अगदी निरोगी दिसू शकतो, हे ऐकलेलं असतं. पण पारख डोळ्यांनीच केली जाते.

मग माहितीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण ती माणसाला प्रत्यक्षात जो निर्णय घ्यायचा आहे त्याबद्दलची हवी. केनियात पास्कलिन द्यूपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी शाळकरी मुलींच्या बाबतीत हे तपासलं. त्यांचं संशोधन २०११ मध्ये छापून आलं. तिथल्या अधिकृत अभ्यासक्रमात लग्नापर्यंत संयम पाळा एवढाच धडा होता. त्यासाठी शिक्षकांना खास प्रशिक्षण दिलं, तरी किशोरवयीन गर्भारपणात फरक पडला नाही. दुसऱ्या काही शाळांत मात्र एका छोट्या चित्रफितीसह सुमारे चाळीस मिनिटांचा एकच तास घेतला गेला. त्यात ‘करू नका’ असं सांगितलं नव्हतं. एवढंच दाखवलं, की तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा मोठ्या वयाच्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण किती जास्त आहे. भेटवस्तू देणारे, फीचे पैसे भरणारे मोठे पुरुष हा त्या मुलींच्या आयुष्यातला खराखुरा प्रश्न होता. त्या शाळांत गर्भारपणाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि घट झाली ती मुख्यतः मोठ्या वयाच्या पुरुषांपासूनच्या गर्भारपणात. आपल्याकडे शाळेत या विषयाचा तास असला तर बहुधा प्रजननसंस्थेची आकृती काढून संपतो. आकृती बरोबर असते, पण मुलामुलींच्या मनातला प्रश्न तसाच राहतो.

पुण्यातली ती पाहणी

इच्छा आणि अंदाज ही झाली एकट्या माणसाच्या मनातली कारणं. पण संबंध दोघांत होतो, आणि खरी अडचण दोघांच्या मध्ये असते. याचा अस्वस्थ करणारा पुरावा आपल्याच राज्यात, पुण्यात मिळाला होता. डॉ. रमण गंगाखेडकर हे नाव बहुतेकांना कोविडच्या काळातल्या पत्रकार परिषदांमुळे आठवेल. त्याच्या कितीतरी आधी ते पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत काम करत होते. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या नऊशेहून अधिक स्त्रियांची तपासणी त्यांनी व सहकाऱ्यांनी केली. त्यांतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांपैकी निम्म्या एचआयव्हीबाधित निघाल्या. हे भीषण होतं, पण त्या काळात अनपेक्षित नव्हतं. धक्का दुसऱ्या गटाने दिला. त्या व्यवसायात नसलेल्या साधारण चारशे स्त्रियांपैकी जवळपास १४ टक्के बाधित होत्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेल्या नव्हत्या. त्यांच्या बाबतीत लागणीशी जोडलेली मुख्य बाब होती, ती म्हणजे लैंगिक आजार असलेला जोडीदार. १९९७ मध्ये हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या स्त्रिया दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा तेव्हाच्या सगळ्या विवाहित स्त्रियांना लावणं चूक ठरेल. पण त्यातून जे उघड झालं ते आकड्यापेक्षा मोठं होतं. त्या वर्षांतले सरकारी फलक सांगत होते: जोडीदाराशी एकनिष्ठ राहा. या बायका तसंच वागत होत्या. दिलेला सल्ला शंभर टक्के पाळूनही त्यांना लागण झाली, कारण तो सल्ला दोघांनी पाळला तरच चालतो आणि दुसऱ्याने पाळला की नाही हे तपासण्याचा अधिकार तिला नव्हता. ‘जोखमीचं वर्तन’ हा आरोग्यखात्याचा आवडता शब्द. या स्त्रियांच्या वर्तनात जोखीम शोधायची तर एकच सापडते: त्या नवऱ्याबरोबर राहत होत्या.

तिने कंडोमचा आग्रह का धरला नाही, असं विचारणं सोपं आहे. आपल्याकडे कंडोम घरात कुठल्या नावाने आला ते पाहा. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तो पाळणा लांबवण्यासाठी. एचआयव्ही आल्यावर त्याच वस्तूची जाहिरात परस्त्रीगमनाच्या संदर्भात होऊ लागली: ट्रकचालक, वस्ती, धोका. म्हणजे वस्तूला दोन अर्थ चिकटले. घरात तो मूल नको म्हणून, आणि बाहेर तो रोग नको म्हणून. आता महाराष्ट्रात पुनरुत्पादक वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि ती बहुतेकींची तिशीच्या आतच होते. त्यानंतर पहिला अर्थ संपतो. उरतो तो दुसरा. ऑपरेशन झालेल्या बाईने नवऱ्याला कंडोम वापरायला सांगितलं, तर त्या वाक्याचा एकच अर्थ निघतो: ‘मला तुमच्यावर संशय आहे’ किंवा त्याहून वाईट, ‘माझ्यावर संशय घ्या.’ नवऱ्याने आपण होऊन वापरायचं ठरवलं तरी तो कबुलीजबाब ठरतो. मुंबईला, पुण्याला कामाला असलेला आणि गणपतीला, शिमग्याला गावी येणारा माणूस बाहेर सावध असेलही; घरी आल्यावर तो काळजी घेतो ती बायकोला काही कळू नये याची.

विश्वास ही नात्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. रोगाच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम उलटा होतो. लग्नाशिवायच्या नात्यांतही हेच दिसतं: सुरुवातीच्या भेटींत तरुण जोडपी कंडोम वापरतात, मग काही आठवड्यांनी ‘आता आपण एकमेकांचे’ म्हणून सोडून देतात. मधल्या काळात दोघांनी चाचणी केलेली असते असं नाही. फक्त ओळख वाढलेली असते.

एकटीने जमत नाही ते

मागणी करणाऱ्याच्या हातात ताकद नसेल तर काय करायचं, याचं उत्तर विचित्र ठिकाणाहून आलं. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत डॉ. स्मरजित जाना (त्यांचं २०२१ मध्ये कोविडने निधन झालं) यांनी १९९२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा तिथे कंडोमचा वापर नगण्य होता. बायकांना माहिती देऊन भागेना. एखादीने आग्रह धरला की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाई, आणि घरमालकिणीचे, पोलिसांचे, दलालांचे पैसे तर रोजचे होते. उद्याची चूल पेटायची आहे तिला दहा वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती घालून काय उपयोग? जाना यांनी वस्तीतल्याच स्त्रियांना कार्यकर्त्या केलं. पुढे बचत, कर्ज, मुलांची शाळा, पोलिसांशी बोलणी असं करत त्यांची संघटना उभी राहिली. सगळ्या दारांवर एकच नियम झाला तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा उरली नाही. काही वर्षांत वापर अनेक पटींनी वाढला. ही एका वस्तीची किमया नव्हती, हेही नंतर तपासलं गेलं. उत्तर बंगालमधल्या दोन लहान गावांपैकी एकात सोनागाचीसारखं काम करून आणि दुसऱ्यात नेहमीच्याच दवाखान्याच्या सोयी ठेवून तुलना केली, तेव्हा पहिल्या गावात कंडोमचा वापर बराच जास्त वाढला.

सांगलीतही त्याच वर्षी, १९९२ मध्ये, मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने असंच काम सुरू केलं. कंडोम वाटायला सरकारी माणूस न पाठवता ते काम वस्तीतल्या स्त्रियांच्याच हाती सोपवलं. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना झाली. समाजाने सर्वांत खाली ठेवलेल्या या स्त्रियांना गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद मिळाली, ती एकमेकींच्या आधाराने. प्रतिष्ठित घरातल्या सुनेला तसा आधार कोणाचा? तिची संघटना नाही, तिचं दार वेगळं आहे, आणि तिचं भांडण चार भिंतींतलं आहे. माझ्या मते पुण्याची पाहणी आणि सांगलीचं काम शेजारी ठेवून वाचायला हवं, आणि आपण ते क्वचितच वाचतो.

बोलता न येणारी दुखणी

लाजेचा परिणाम कंडोमपाशी थांबत नाही, तो दवाखान्याच्या दारापर्यंत जातो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. दुखणं होतं, पण ते सांगण्याचा शब्द आणि ऐकणारं माणूस नव्हतं. बाई दवाखान्यात जायची ती बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिची गरज असेल तेव्हा.

याची दुसरी बाजू गोव्यात दिसली. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही आपल्याकडच्या बायकांची अगदी नेहमीची तक्रार. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून ही तक्रार नेमकी कशाशी जोडलेली आहे ते तपासलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जननमार्गाच्या संसर्गाशी तिचं नातं अगदी क्षीण निघालं. लैंगिक संबंधांतून होणारे आजार तर या स्त्रियांत फारसे नव्हतेच. घट्ट नातं निघालं ते नैराश्य, चिंता, थकवा आणि संसारातल्या ताणाशी. मन खचलंय असं सासरी सांगता येत नाही, अंगावरून जातंय असं सांगता येतं. पांढरं जाणं हे दुःखाचं मान्यताप्राप्त नाव झालं होतं. पुढची गंमत (गंमत म्हणणं जिवावर येतं) अशी, की सरकारी पद्धतीप्रमाणे अशा तक्रारीवर अनेकदा तपासणीशिवाय लैंगिक संसर्गाचं औषध दिलं जातं आणि नवऱ्यालाही घ्यायला सांगतात. उदासीने ग्रासलेली बाई घरी परतते ती उपचाराविना, आणि वर नवऱ्याच्या मनात संशय घेऊन. याचा अर्थ ही तक्रार कधीच संसर्गाची नसते असा मुळीच नाही. वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं असेल तर तपासणी व्हायलाच हवी. पण डॉक्टरांनी ‘झोप लागते का, घरी कसं चाललंय’ एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

पुरुषांची गोष्टही वेगळी नाही. वीर्य गेलं म्हणजे शक्ती गेली, या समजातून येणारा थकवा, धास्ती, उदासी यांना डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. हा आजार नसलेल्या आजाराचा त्रास असतो, आणि त्रास मात्र खरा असतो. रेल्वे फाटकाजवळच्या, बसस्थानकाच्या मुतारीतल्या ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ या जाहिराती त्याच भीतीवर चालतात. ज्याला खरोखर संसर्ग झालाय, लघवीला जळजळ होतेय, तोही तिथेच जातो, कारण तिथे नाव विचारत नाहीत. मिळेल ते औषध घेतो, दोन दिवसांत बरं वाटलं की सोडतो. बायकोला औषध मिळतच नाही, कारण त्यासाठी तिला सांगावं लागेल. मग त्याच्याकडून तिला आणि तिच्याकडून परत त्याला, असा तो संसर्ग घरातच फिरत राहतो. तिला लक्षणं नसतील तर आणखी वाईट. गर्भनलिका बंद होऊन मूल राहत नाही तेव्हा उलगडा होतो, आणि दोष पुन्हा तिलाच.

र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं ते १९२७ साली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणं हा गुन्हा कसा, हा तेव्हाचा मुद्दा होता. शंभर वर्षं होत आली.

चाचणीची भीती, आणि बदललेलं विज्ञान

एवढं होऊनही चित्र काळंकुट्ट नाही. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातली पहिली एचआयव्हीबाधित माणसं आढळली, तेव्हा हे निदान म्हणजे मृत्यूची तारीख होती. आज नव्या लागणींचं प्रमाण खूप घटलं आहे. महाराष्ट्रात मात्र अजून सुमारे चार लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, ही संख्या देशात सर्वाधिक आहे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या जोडीदारांसाठी, सगळ्यात मोठा बदल औषधांनी केला. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर, ज्यांत एक जण बाधित आणि दुसरा नाही अशी जोडपी होती, एक मोठी चाचणी झाली. त्या केंद्रांत पुणे आणि चेन्नई होतं. बाधित जोडीदाराला औषधं लवकर सुरू केली तर दुसऱ्याला त्याच्यापासून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ मध्ये दिसलं. त्यापुढच्या अभ्यासांनी आणखी एक पाऊल टाकलं. नियमित औषधांमुळे रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली गेलं आणि तिथेच टिकलं, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ज्या पुण्यात तीस वर्षांपूर्वी बायकांना नवऱ्याकडून होणारी लागण मोजली गेली, तिथल्याच जोडप्यांनी ती थांबवता येते हे सिद्ध करायला हातभार लावला.

पण औषध सुरू व्हायचं तर चाचणी व्हायला हवी, आणि इथे पुन्हा तीच लाज आडवी येते. ‘निकाल पॉझिटिव्ह आला तर?’ यापेक्षा ‘मला तिथे कोणी पाहिलं तर?’ ही भीती अनेकांना आधी गाठते. तालुक्याच्या गावी सगळे एकमेकांना ओळखतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणं आणि परवानगीशिवाय निकाल इतरांना सांगणं बेकायदा ठरवलं. नोकरी, शाळा, उपचार यांत भेदभाव करायलाही बंदी आहे. ठरावीक परिस्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला निकाल कळवू शकतात. पण कळवल्याने त्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल तर कळवायचं नाही, असंही हा कायदा म्हणतो. कायदा करणाऱ्यांना निदानानंतर घरात काय होतं याची कल्पना होती, हे त्या कलमावरून दिसतं.

लाज एका दिवसात जात नाही, पण तिला वळसा घालता येतो. एक उपाय म्हणजे चाचणी दोघांनी एकत्र करणं. ‘तू तपासून घे’ या वाक्यात आरोप आहे. ‘आपण दोघं तपासून घेऊ’ यात तो बराच कमी होतो. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवायला जितका वेळ जातो त्यातला एक तास प्रयोगशाळेत घालवला तर मुलीच्या बापाला संशयी म्हणायचं कारण नाही, मात्र ती दोघांची हवी आणि दोघांच्या मर्जीने हवी. नुकता धोका पत्करला असेल तर लगेच केलेल्या चाचणीत संसर्ग दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने लैंगिक आजारांचा विभाग चालतो, समुपदेशन व चाचणी केंद्र वेगळं असतं, आणि दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा १०९७ हा क्रमांक विनामूल्य आहे. फोनवर नाव सांगावं लागत नाही. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली किंवा अशी काही वेळ आली, तर संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला ती सरकारी रुग्णालयात मिळायला हवीत. इतर प्रसंगांत डॉक्टरांना त्याच दिवशी गाठून विचारावं. मधे रविवार आला म्हणून ते तास थांबत नाहीत.